बिल्ला सगळ्यात शेवटी वाचा: जुन्या स्नेअर ड्रमचं मूळ शोधताना

गेल्या पावसाळ्यात एक स्नेअर ड्रम, म्हणजे खालच्या पडद्यावर तारा ताणलेला बुटका ड्रम, चादरीत गुंडाळून माझ्या टेबलावर आला. निघाला होता धोबीतलावच्या एका कुडातून. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेलं बिऱ्हाड. बोटीच्या नोकरीची वाट पाहणारे खलाशी आणि बँडात वाजवणारे वादक तिथे उतरायचे. ड्रम घेऊन आलेल्या मुलाकडे घरात ऐकलेली एक गोष्ट होती: आजोबा बोटीवर कामाला होते, १९५५ साली त्यांनी हा अमेरिकेतून आणला. ड्रमवर मात्र नाव नाही, गाव नाही. जिथे कंपनीचा बिल्ला असायचा तिथे एक भोक. क्रोमला ठिकठिकाणी फोड आलेले, वरची रिम (पडदा दाबून धरणारं कडं) किंचित वाकडी, स्ट्रेनरच्या, म्हणजे तारा ताणणाऱ्या खटक्याच्या, बाजूला दोन भोकं जादा.

"कुठल्या कंपनीचा आणि किती सालचा, एवढंच सांगा," तो म्हणाला.

एवढंच! दहा लगांचा स्नेअर उघडून मांडला तर एक शेल (ड्रमचं नळकांडं), दहा लग (शेलवरचे ठोकळे, रॉड यांत फिरतात), वीस टेन्शन रॉड (पडदा ताणणारे लांब स्क्रू), दोन रिम, दोन हेड (वाजवायचे पडदे), स्ट्रेनर, त्याच्या समोर तारांचं दुसरं टोक धरणारा बट, तारा, आवाज दाबणारा आतला मफलर आणि बिल्ला इतका पसारा निघतो. त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू स्क्रूने सुटते आणि दुसऱ्या ड्रमवर बसू शकते. त्यात आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं आयातीवर कडक बंधनं होती. तुटलेला भाग परदेशातून यायची सोय नव्हती, तेव्हा लोक लेथवर करून घेत किंवा दुसऱ्या ड्रमचा काढून लावत. म्हणून "हा ड्रम किती सालचा" हा प्रश्न ड्रमला विचारायचाच नाही. तो प्रत्येक भागाला वेगवेगळा विचारायचा, उत्तरं कागदावर मांडायची आणि मग पाहायचं की पहिल्यांदा एकत्र आले ते कोण. त्या सगळ्यांत शेल हा यजमान; बाकीचे पाहुणे असू शकतात.

आणि बिल्ला? तो सगळ्यात शेवटी. जो भाग सगळ्यात मोठ्याने बोलतो तोच सगळ्यात सोप्यात बदलता येतो.

पुसू नका

ड्रम हाती आला की पहिला मोह होतो तो फडकं आणि पॉलिश घेण्याचा. तो आवरा. हरवलेल्या बिल्ल्याची, बदललेल्या लगची, काढून टाकलेल्या स्ट्रेनरची सावली धुळीच्या आणि काळवंडण्याच्या कडेनेच दिसते. ती कडा गेली की पुरावा गेला. लाकडी शेलच्या आत शाईचा शिक्का असेल तर ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने तो दोन हातांत पुसून निघतो. आतला जुना पांढरा रंग पॉलिशपेपरने घासायच्या फंदात तर मुळीच पडू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

त्याऐवजी फोटो काढा. दिवसाउजेडी एकदा, आणि अंधारात टॉर्च शेलला जवळजवळ चिकटवून तिरप्या प्रकाशात एकदा. समोरून न दिसणारे चरे, दाबलेले आकडे, बुजवलेली भोकं तिरप्या उजेडात उठून दिसतात. नळीसारख्या शेलला पुढची-मागची बाजू नसते, म्हणून हवेच्या भोकाला (बिल्ला बसतो ते) शून्य धरा आणि लगांना घड्याळाच्या दिशेने एक, दोन, तीन असे आकडे द्या. पुढची सगळी टिपणं याच आकड्यांनी.

घरातली गोष्टही याच वेळी लिहून घ्या, ऐकली तशी, शब्द न बदलता. तिच्यातलं साल बहुधा चुकतं, पण माणूस, गाव आणि व्यवसाय सहसा चुकत नाही. सालाला दावा म्हणा. बाकीच्याला धागा म्हणा.

फूटपट्टी, वजनकाटा, लोहचुंबक

व्यास रिमवर मोजू नका, हेड काढल्यावर शेलच्या बाहेरच्या कडेवर मोजा. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, पण चौदा इंची हेड शेलवर सैलसर उतरावं लागतं, म्हणून अमेरिकी शेल त्याहून थोडा कमी भरतो. नवीन चौदा इंची प्लॅस्टिक हेड बसायलाच तयार नसेल तर तीन शक्यता: शेल अंडाकृती झाला आहे, वरून जाड आवरण चढवलं आहे, किंवा ड्रम जुना इंग्रजी आहे. इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचे साधारण १९६८ पर्यंतचे ड्रम अमेरिकी मापापेक्षा किंचित मोठे असत. दोन व्यास काटकोनात मोजले की पहिली शक्यता तिथेच निकालात निघते.

नंतर धातू. लोहचुंबक शेलला चिकटला तर क्रोमखाली पोलाद आहे. पोलादी शेलवर आतून उभा वेल्डिंगचा सांधा, आठ लग आणि हलका स्ट्रेनर दिसला तर आधी जपानकडे, नंतर तैवानकडे पाहा. चुंबक चिकटला नाही तर पितळ की ॲल्युमिनियम हा प्रश्न उरतो, आणि त्याला हातच उत्तर देतो. पितळाची घनता सुमारे ८.५, ॲल्युमिनियमची २.७, सारख्याच जाडीचा पितळी शेल तिप्पट जड. फक्त वजन सुट्या शेलचं करा. रिमांसकट उचलून अंदाज बांधणारे फसतात, कारण रिम बहुधा पोलादी असतात.

आमच्या चादरीतल्या ड्रमला चुंबक चिकटला नाही, आणि सगळं उतरवल्यावर शेल हातात पातेल्याच्या झाकणासारखा हलका लागला. म्हणजे ॲल्युमिनियम. सांधा कुठेच नाही, मधोमध बाहेर उठलेला एक गोल कंगोरा, आणि क्रोमला ते फोड. हे फोडच महत्त्वाचे. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, काही वर्षांनी खालून फुगतं आणि खपल्या पडतात. लोकांना तो ड्रमचा रोग वाटतो; मला ते जन्मखुणेसारखं वाटतं. शिकागोच्या लुडविग कंपनीचा सुप्राफोनिक हा याच व्याधीसाठी प्रसिद्ध आहे. हाच नमुना आधी पितळेवर क्रोम चढवून होत असे. १९६३ च्या सुमारास शेल ॲल्युमिनियमचा झाला. म्हणजे बिल्ला नसताना, एकही अक्षर न वाचता, एका बाजूची हद्द मिळाली: १९६३ च्या आधीचा नाही. आजोबांचं १९५५ इथेच डळमळलं. मी त्या मुलाला तेव्हाच काही बोललो नाही.

उघडताना

ड्रमची चावी समोरासमोरच्या रॉडला आलटून पालटून लावून, अर्धा अर्धा वेढा फिरवत सगळे रॉड सैल करा. एकच बाजू पूर्ण सोडली तर जुनी रिम वाकते आणि जुना लग चिरतो. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून आलेले डबीसारखे लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि काही काळानंतर ठिसूळ होतात. त्याआधीचे नळीचे लग पितळी, ते सोसतात. निघालेले रॉड पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून त्याच क्रमाने खोचा. वीसपैकी तीन रॉड वेगळे निघाले तर कुठले तीन हे कळलं पाहिजे.

चावीच बसत नसेल तर थांबा, ती माहिती आहे. अमेरिकी रॉडचं डोकं चौकोनी. जर्मनीच्या सोनोरच्या जुन्या रॉडांना स्क्रूड्रायव्हरची खाच असते. सोनोर १८७५ साली वाइसेनफेल्सला सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत बाड बेर्लेबुर्ग भागात गेली. मूळ गावचा कारखाना पूर्वेकडच्या सरकारने घेतला आणि तिथून ट्रोवा नावाने ड्रम निघाले. एकाच घराण्याच्या या दोन फांद्या आहेत. 'वेस्ट जर्मनी' असं कोरलेलं दिसलं तर तो भाग १९४९ ते १९९० या काळातला.

आट्यांबद्दल एक सापळा सांगतो, कारण त्यात मी स्वतः पडलो आहे. अमेरिकी ड्रमच्या रॉडचा आटा म्हणजे इंचाला २४ वेढे आणि बाहेरचा व्यास सुमारे ५.५ मिलिमीटर. इंग्रजी व्हिटवर्थ मापातला सात-बत्तिसांश इंचाचा आटाही इंचाला २४ वेढ्यांचाच आणि व्यास त्याच्या अगदी जवळ. फरक कोनाचा, ६० अंश आणि ५५ अंश. त्यामुळे इंग्रजी रॉड अमेरिकी लगमध्ये फिरत जातो आणि आपण खुशाल "मूळचाच आहे" म्हणून मोकळे होतो. सोनोरचा ६ मिलिमीटरचा मेट्रिक आटा मात्र व्हर्नियर कॅलिपरवर लगेच ओळखू येतो. तर नियम असा की रॉड बसला म्हणून मूळचा ठरत नाही. आटे मोजायचा गेज हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तो घ्या.

भोकं

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा. लग बदलतो, स्ट्रेनर बदलतो, बिल्ला चोरीला जातो आणि नवा विकत मिळतो, पण शेलमधलं भोक कुठे जात नाही. बुजवलं तरी दिसतं.

कागदाची एक लांब पट्टी शेलभोवती गुंडाळा, टोकं जुळतील तिथे कापा, आणि लगांच्या भोकांवर पेन्सिलने खुणा करा. मग पट्टी उलगडून लगांच्या संख्येइतके सारखे भाग पाडा. कारखान्यातली भोकं साच्यावर पडतात, ती जवळजवळ अचूक घडीवर येतात. एखादं दोन-तीन मिलिमीटर सरकलेलं असेल तर ते नंतर कुणीतरी हाताने पाडलं. आठ समान आणि मध्येच दोन उपरी अशी खूण आली तर आठ लगांच्या ड्रमला दहाचा करायचा कुणाचा तरी प्रयत्न तुमच्या हातात आहे.

त्यानंतर प्रत्येक भोकाची कड आतून पाहा. जुन्या लाकडी शेलमध्ये मूळ भोकाची कड आजूबाजूच्या लाकडाइतकीच काळवंडलेली असते. नंतरचं भोक उजळ दिसतं, आणि आत लाकडाचा ठेका न देता पाडलेलं असेल तर आतल्या बाजूला ढलपा उडालेला असतो. धातूच्या शेलमध्ये क्रोम भोकाच्या कडेवर थोडं आत वळलं आहे की कापून गेलं आहे ते भिंगाने बघा. क्रोम चढवण्याआधीचं भोक आणि नंतरचं भोक यांत गोंधळ होत नाही.

मग दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये: लगच्या दोन स्क्रूंमधलं, स्ट्रेनरच्या, बटच्या. ही अंतरं म्हणजे कंपनीच्या बोटांचे ठसे. जगभरच्या संग्राहकांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या लगांची ही मापं वर्षानुवर्षं जमवून ठेवली आहेत, ती शोधल्यास सापडतात. भोकांचं माप जुळतं पण लग वेगळाच आहे, किंवा लग ओळखीचा पण त्याच्या आड आणखी एक जोडी लपली आहे, या दोन्ही गोष्टी लग उतरवल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून किमान एक लग उतरवाच.

चादरीतल्या ड्रमच्या दहाही लगांची भोकं घडीवर आली. लग लुडविगच्या इम्पीरियल घाटाचे होते. हा घाट १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून आजतागायत चालू आहे, तेव्हा तो घराणं सांगतो, साल नाही. स्ट्रेनर मात्र उघडच परका होता. पितळेच्या पट्टीचा, कानशीचे ओरखडे तसेच ठेवलेला, कुणा कारागिराने करून दिलेला. ती दोन जादा भोकं त्याच्यासाठी पाडलेली. मूळ स्ट्रेनरची भोकं शेजारी रिकामी होती आणि ती लुडविगच्या पी-८३ नावाच्या स्ट्रेनरशी जुळली. ७० च्या दशकात कंपनीने त्या जागी पी-८५ लावायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूची हद्द हळूहळू आकार घेत होती.

लाकूड, आवरण आणि कापराचा वास

लाकडी शेल असेल तर बेअरिंग एजवर, म्हणजे हेड टेकतं त्या कडेवर, थर मोजा. तीन थर आणि कडेला आतून जाड लाकडी रिंग ही त्या काळची सर्वसाधारण अमेरिकी रचना. एकच जाड पट्टा वाफेवर वाकवून केलेला मेपलचा शेल, थर नाहीतच, हा स्लिंगरलँड कंपनीच्या रेडिओ किंग या ड्रमचा थाट. जीन क्रुपा या अमेरिकी ड्रमरने १९३० च्या दशकात तो गाजवला. रिंगा नाहीत आणि आतून चंदेरी रंग फासलेला असेल तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ग्रेच कंपनी. १९६० च्या दशकातल्या लुडविगच्या आत राखाडी ठिपक्यांचा खरबरीत रंग असतो, १९६८ च्या सुमारास तो जाऊन साधं पारदर्शक वार्निश आलं. आणि तांबूस, मोठ्या छिद्रांचं, हलकं लाकूड, त्याला आपल्याकडे आणि बाहेरही 'फिलिपिनी महोगनी' म्हणतात, ते दिसलं की पुन्हा जपान.

जपानबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बेनाम ड्रमांतले पुष्कळ तिथलेच निघतात. १९६० च्या दशकात पर्ल आणि नागोयाची होशिनो (तिचे ड्रम तेव्हा 'स्टार' नावाने निघत, 'टामा' हे नाव १९७४ चं) यांच्यासारख्या कारखान्यांकडून अमेरिकेतले आणि युरोपातले व्यापारी घाऊक माल घेत आणि त्यावर आपल्याला हवं ते नाव लावत. अपोलो, मॅजेस्टिक अशी नावं शोधत बसलात तर त्या नावाचा कारखाना कधीच सापडणार नाही, कारण तो नव्हताच. तिथे नाव सोडून द्या आणि लग, स्ट्रेनर, लाकूड यांवरून कारखाना ओळखा. 'ऑक्युपाइड जपान' असा छाप मात्र सोन्यासारखा: तो १९४५ ते १९५२ या काळापलीकडे असूच शकत नाही.

आवरणाची एक गंमत. जुनं मोत्यासारखं चमकणारं आवरण सेल्युलॉइडचं असे, आणि सेल्युलॉइड मऊ राहावं म्हणून त्यात कापूर घालत. कोरड्या सुती कापडाने एक कोपरा जोरात घासून गरम करा आणि लगेच नाक लावा. देवघराची आठवण झाली तर आवरण सेल्युलॉइडचं. काडी पेटवून तपासणारे महाभाग मी पाहिले आहेत. ही वस्तू भडका घेते, तसलं काही करू नका. पांढरं मोती आवरण उजेडाने आणि सिगारेटच्या धुराने पिवळं पडतं. लग उतरवल्यावर त्याच्याखाली तेवढाच पांढराशुभ्र ठसा दिसला तर लग आणि आवरण कित्येक वर्षं एकत्र आहेत. लगखालीही सगळीकडे सारखंच पिवळं असेल तर लग उशिरा आला, किंवा लगांच्या जागा बदलल्या.

युद्धाचा काळ वेगळाच ओळखू येतो. १९४२ नंतर अमेरिकेत वाद्यांमध्ये धातू वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वापरायला बंदी आली. त्या तीनेक वर्षांतल्या ड्रमांना लगसुद्धा लाकडी आहेत. कुणा सुताराने हौसेने केलेला ड्रम समजून लोक ते फेकायला निघतात.

आता अक्षरं वाचा

शेलच्या आत शाईचा शिक्का असेल तर ते सगळ्यात चांगलं साक्षीपत्र. १९६० च्या दशकात लुडविगच्या बऱ्याच लाकडी शेलांत लाल शाईने तारीख मारलेली असते. ही शेलची तारीख. ड्रम पुरा होऊन बाहेर पडला तो त्यानंतर कधीतरी.

धातूच्या भागावर पेटंटचा आकडा असेल तर तो अमेरिकी पेटंटच्या मोफत ऑनलाइन नोंदींत टाका. मोबाइल हाताशी नसेल तर तीन टप्पे पाठ ठेवा: दहा लाखावं पेटंट १९११, वीस लाखावं १९३५, तीस लाखावं १९६१. आकडा नेहमी सुरुवातीची हद्द देतो. त्या सालाआधी तो भाग असणार नाही. नंतर वीस वर्षंही तोच साचा चालू असू शकतो. 'पेटंट पेंडिंग' असेल तर साचा अर्जाच्या काळातला, पण साचे कंपन्या झिजेपर्यंत वापरतात.

गावाचं नाव वाचा, ते कंपनीच्या नावापेक्षा जास्त उपयोगी. स्लिंगरलँडच्या बिल्ल्यावर शिकागो असेल तर १९६० च्या आधीचा, नाइल्स असेल तर नंतरचा. लीडी कंपनीच्या बिल्ल्यावर इंडियानापोलिस असेल तर १९३० च्या आधीचा, एल्कहार्ट असेल तर नंतरचा. लुडविगची कथा जरा नागमोडी: १९०९ साली दोघा भावांनी शिकागोत सुरू केली, १९२९-३० मध्ये ती कॉन कंपनीकडे गेली, विल्यम लुडविग बाहेर पडला आणि १९३७ साली त्याने डब्ल्यूएफएल ही स्वतःच्या आद्याक्षरांची कंपनी काढली, आणि १९५५ मध्ये आपलंच नाव परत विकत घेतलं. तेव्हा मधल्या काळात 'डब्ल्यूएफएल' लिहिलेला ड्रम हा नकली लुडविग नाही, तोच खरा वंश. १९८४ नंतरच्या बिल्ल्यावर नॉर्थ कॅरोलायनातलं मन्रो येतं.

अनुक्रमांकावर मात्र भिस्त नको. लुडविगने बिल्ल्यावर आकडे १९६३ च्या अखेरीस घालायला सुरुवात केली, पण कारखान्यात बिल्ले खोक्यात ढिगाने पडलेले असत आणि हाताला येईल तो लावला जाई. शेजारशेजारचे आकडे दोन-दोन वर्षांच्या अंतराने निघालेले आहेत. आणि हुबेहूब नवे बिल्ले आज ऑनलाइन विकत मिळतात. बिल्ला हवेच्या भोकात पितळी रिव्हेटने दाबलेला असतो. आतून पाहा, रिव्हेटची फाकलेली कड एकसारखी आणि जुनकट आहे की ताजी, ओबडधोबड. बिल्ल्याखालची सावली बिल्ल्याच्याच आकाराची हवी. नसेल तर तो कालच बसला आहे.

आमच्या ड्रमवर बिल्ला नव्हता, पण सावली होती. तिरप्या उजेडात हवेच्या भोकाभोवती क्रोमचा एक चकचकीत तुकडा दिसला, वर रुंद आणि खाली निमुळता, दगडी कमानीच्या माथ्यावरच्या चावीच्या दगडासारखा. लुडविगचा 'कीस्टोन' बिल्ला. १९६९ नंतर तो जाऊन निळा-ऑलिव्ह बिल्ला आला, त्याचा आकार वेगळा. दोन्ही हद्दी आता लागल्या: १९६३ ते १९६९, शिकागो, सुप्राफोनिक, पाच इंची.

अमेरिका नसेल तर

मुंबई-पुण्यात सापडणारा प्रत्येक जुना ड्रम शिकागोचा नसतो, बहुतेक नसतातच. लष्कर, पोलीस आणि लग्नाचे बँड यांच्याकडून निघालेला 'साईड ड्रम' आधी इंग्रजी समजून तपासा. प्रीमियर १९२२ ची. लंडनच्या कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर १९४० मध्ये ती लेस्टरजवळ गेली. बूझी अँड हॉक्सचं जोडनाव दिसलं तर ड्रम १९३० नंतरचा, कारण त्या साली दोन कंपन्या एक झाल्या. वरच्या हेडखालीही तारांचा दुसरा संच असेल तर तो पाइप बँडचा ड्रम आहे, जाझवाल्या मंडळींचा नव्हे.

आणि मग मेरठ. तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्यं करणाऱ्यांची मोठी वस्ती आहे; नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची. पितळी पत्र्याचा शेल, हाताला लागणारा झाळलेला उभा सांधा, कुठल्याच माहितीतल्या मापाशी न जुळणारी भोकं आणि इंग्रजी नमुन्याची हुबेहूब पण जरा जाडजूड नक्कल, असं सगळं एकत्र आलं की परदेशी कॅटलॉग बंद करा. मला अशा ड्रमला 'नकली' म्हणवत नाही. त्याला शिकागोचा बिल्ला चिकटवून विकणारा नकली.

दुकानाची चिठ्ठी रिमवर किंवा शेलच्या आत राहिली असेल तर ती सोडवू नका. मुंबईतलं फुर्तादोस हे वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे. अशा चिठ्ठीवरचा पत्ता आणि फोनचे आकडे किती हे बघून विक्रीचा काळ बांधता येतो. हेडचंही तसंच. जनावराच्या कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं हेड १९५७ पासून बाजारात आलं. रेमो कंपनीच्या मुकुटाचा छाप असलेलं हेड ड्रमवर आहे याचा अर्थ एवढाच की १९५७ नंतर कुणीतरी ते बदललं.

निकाल कसा लिहावा

एका पानावर तीन रकाने पाडा: भाग, तो काय सांगतो, किती खात्री. शेलसमोर साल लिहा, लगांसमोर साल लिहा, स्ट्रेनरसमोर 'स्थानिक, नंतरचा' लिहा. ज्या भागांची सालं एकमेकांत बसतात ते एकत्र जन्मले असं धरा. एकच साल लिहायचा हट्ट नको. '१९६३-६९' हे उत्तर '१९६५ असावं' या उत्तरापेक्षा चांगलं. किंमत ठरवणाऱ्याला तर त्याहून जास्त कळतं: शेल आणि लग मूळचे, दोन भोकं जादा, बिल्ला आणि स्ट्रेनर गेलेले. जादा भोकांमुळे संग्राहक भाव पाडतात. वाजवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, आणि तो कारागिराचा पितळी स्ट्रेनर मी काढू दिला नाही. तो उत्तम चालतो.

मुलाला मी सांगितलं की ड्रम १९५५ चा असूच शकत नाही. त्याचा चेहरा पडला. मग विचारलं, आजोबांची सीडीसी पुस्तिका आहे का? खलाशाच्या त्या पुस्तिकेत कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला याची शिक्क्यासकट नोंद असते. ती घरात होती. आठवड्याने तो घेऊन आला. १९५५ सालची पहिली नोंद, म्हणजे घरात ऐकलेलं साल नोकरीचं होतं, ड्रमचं नव्हे. आणि पुढे, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कला जाऊन आलेली एक सफर.

त्याच सफरीत ड्रम आला हे पुस्तिका सिद्ध करत नाही, आणि मी तसं लिहिलंही नाही. जाड कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलने (शाई पसरते) एवढंच लिहिलं: "लुडविग सुप्राफोनिक, शिकागो, १९६३-६९. स्ट्रेनर मुंबईत केलेला असावा. मूळ मालकाची न्यूयॉर्क सफर १९६७." तो तुकडा बारीक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आतल्या मफलरच्या दांडीला सुती दोऱ्याने बांधला, खरखर होणार नाही असा घट्ट, आणि हेड चढवलं.